सांगायचं तर फुटबॉलच्या फायनलला

गोलपोस्ट उपटणाऱ्या माणसांवर नजर ठेवून मी मैदानात उभा होतो, तेव्हा वृषाली चौगले माझ्यापाशी आली. काखेत तो रग्बीचा, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू होता.

“काका, एक काम होतं.”

“आधी त्या माणसांना सांग, खांब जपून ठेवा म्हणावं. ओरखडा उठला तर तालीमवाले मला सोडायचे न्हाईत.”

ती हलली नाही. “अप्पांना मॅच बघायला आणायचं हाय. मी महाराष्ट्राची कॅप्टन, आणि स्पर्धा आपल्याच गावात. पुन्हा कधी असं व्हायचं न्हाई. पण ते तुमचं नाव घेऊन म्हणतात, सर्जा स्वतः घरी येऊन बोलवत असला तरच येतो.”

मी खांबांकडेच बघत राहिलो. तिचे अप्पा म्हणजे बंडा चौगले. सतरा वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो आणि सोळा वर्षं त्याने या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

“बघतो,” मी म्हणालो.

“बघतो म्हंजे?”

“म्हंजे बघतो.”

ती गेली. मला पहिला प्रश्न पडला तो हा, की हिने आत्ताच का विचारलं? यामागे काय आहे? माझा स्वभावच तसा. आमची ही म्हणायची, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी मुलींची राष्ट्रीय रग्बी स्पर्धा कोल्हापूरला मिळाली होती. कुणी मागितली, कुणी दिली, कुणाला पत्ता नव्हता. फुटबॉलचा हंगाम ऐन भरात असताना तीन आठवडे थांबवला, तेव्हा गावाला कळलं. आमच्याकडे तालमी-तालमींचे संघ. फायनलच्या दिवशी पेठेतली दुकानं दुपारी बंद होतात, मैदानात पंचवीस हजार माणूस बसतं आणि हरलेल्या गल्लीत त्या संध्याकाळी चुली पेटत नाहीत. अशा गावात रग्बी. निम्म्या लोकांना ती कुस्तीची जात वाटत होती, उरलेल्यांना काहीच वाटत नव्हतं. मी मैदान समितीचा प्रमुख. सगळ्या तालमींनी मला बोलावून सांगितलं, “सर्जेराव, तू आत राहा आणि लक्ष ठेव. एकदा त्यांचे खांब रोवले गेले की मैदान गेलं बघ.”

मला सांगायची गरज नव्हती.

बंडाचं काय झालं होतं तेही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी आमच्या कमानी तालमीचा कॅप्टन आणि पुढच्या फळीत खेळणारा, बंडा आमचा गोलकीपर. आम्ही पंचगंगेवर एकत्र पोहायला शिकलो, एकाच वर्षी नापास झालो. त्या वर्षी फायनल दगडी विहीर तालमीशी होती. विहीरवाले आणि आम्ही, दोन पिढ्यांचं वैर. फायनलच्या आदल्या दिवशी भर दुपारी आमच्यातल्या एकाने बंडाला विहीर तालमीतून बाहेर पडताना बघितलं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत, माझ्या आईनेसुद्धा धरला असता असा चेंडू त्याच्या हातातून सुटला. आम्ही एक-शून्यने हरलो. चार दिवसांनी तालमीत बैठक झाली, मी उभा राहिलो आणि म्हणालो, बंडा विकला गेला. कॅप्टनचा शब्द. त्यानंतर बंडा मैदानात दिसला की प्रेक्षकांतून ओरडा व्हायचा, “बंडा, किती घेतलंस?” एका हंगामानंतर तो दिसायचा बंद झाला.

मी बरोबर होतो याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती. जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींबद्दल होती.

स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दिवशी प्रेक्षक किती, तर दोनशे. त्यातले पन्नास शाळेतून रांगेने आणलेले. स्पर्धेच्या मुख्य व्यवस्थापक ग्लोरिया डाबरे म्हणून वसईच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, गळ्यात शिट्टी. त्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघून खूश होत्या.

“खराडेसाहेब, दोनशे. मागच्या वर्षी आमच्याकडे साठ होते.”

“आमच्याकडं सरावाला यापेक्षा जास्त असतात,” मी म्हणालो.

“मग त्यांना आणा की.”

मी मॅच बघत होतो, पण खेळ बघत नव्हतो, काय शिजतंय ते बघत होतो. एकेका संघात सात पोरी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं आणि पास मात्र मागेच द्यायचा. चेंडू रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय, म्हणजे त्यांचा गोल, पाच गुणांचा; वर चेंडू खांबांमधून मारला तर आणखी दोन. आता गोल केल्यावर चेंडू मधोमध आणून कुणी मारायचा? आमच्याकडे ज्याने गोल खाल्ला त्याने. इथे ज्याने केला तोच संघ पुन्हा मारायचा. मी दोनदा डोळे चोळले. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर ग्लोरियाबाईंना म्हणालो, “तुमचा पंच गडबड करायलाय.”

“नियमच तसा आहे या खेळात.”

“कुणी केला?”

त्या हसल्या. मी हसलो नाही. जेवणाच्या सुट्टीत तर कहर झाला. नुकत्याच एकमेकींना आपटून आलेल्या दोन संघांच्या पोरी एकाच लांब टेबलावर जेवायला बसल्या, त्यांच्यामध्ये पंच, आणि जिंकलेल्या कॅप्टनने पंचाला भाकरी वाढली. आमच्याकडे पंच मॅचनंतर मागच्या दाराने रिक्षात बसतो आणि पहिली दोन वळणं वाकून जातो. मी माझं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

वृषाली खेळत होती मात्र छान. अंगाने बुटकी, भक्कम, आणि पडली की लगेच उभी. तिच्याकडे बघताना मला बंडा दिसत होता, आणि बंडा दिसला की बाकीचंही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र आणि ओडिशा फायनलला गेले. ओडिशाची एक पोर होती, सुमित्रा नावाची, काळी, काटक, पळायला लागली की कुणाच्या हाती लागायची नाही. सगळे म्हणत होते, तिला अडवलं तर आपण जिंकलो. संध्याकाळी ओडिशाच्या पोरींना उतरवलेल्या शाळेत पाण्याचा टँकर आला की नाही, ते बघायला मी गेलो. फाटकातून आत शिरलो, आणि मला दिसली वृषाली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. तिने ते सुमित्राच्या हातात दिलं. दोघी हळू आवाजात काही बोलल्या आणि वृषाली इकडेतिकडे न बघता मागच्या बाजूने निघून गेली.

मी टँकरच्या आडोशाला उभा होतो. फायनलच्या आदल्या दिवशी, विरुद्ध संघाच्या मुक्कामात. बापाने केलं तेच, तसंच. मला राग आला हे खरं, पण खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटलं. सतरा वर्षांपूर्वी मी जे बोललो त्याला जणू आता रक्ताचीच साक्ष मिळाली होती.

मी तडक मैदानावर आलो. ग्लोरियाबाई कोपऱ्यातल्या झेंड्यांचे दांडे पुसत बसल्या होत्या.

“मॅडम, महाराष्ट्राची कॅप्टन उद्या खेळता कामा नये.”

“का?”

मी बघितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी दांडा खाली ठेवला नाही.

“बूट होते ते,” त्या म्हणाल्या. “सुमित्राच्या बुटाचा तळ आज सेमीफायनलमध्ये उखडला. तिच्याकडे दुसरा जोड नाही, घरून पायात हे एवढंच घालून आलीय. मी सगळ्या संघांच्या कॅप्टनना विचारलं, कुणाचा पाय तिच्या मापाचा आहे का. वृषाली म्हणाली, माझा आहे, माझ्याकडे जादा जोड आहे.”

“विरुद्ध टीमच्या पोरीला? त्यातल्या सगळ्यांत पळणाऱ्या पोरीला?”

“मग काय अनवाणी खेळवायचं होतं?”

“अनवाणी खेळली असती तर आपण जिंकलो असतो.”

“त्यात जिंकण्यासारखं काय होतं, खराडेसाहेब?”

मी म्हणालो, “मग लपून का दिलं?”

“लपून कुठे? वृषालीच्या संघातल्या पोरी चिडल्या असत्या म्हणून गाजावाजा केला नसेल.” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही वृषालीला विचारलंत का?”

“काय?”

“हेच. की काय दिलंस म्हणून. ती पाच पावलांवर होती ना तुमच्यापासून?”

मी विचारलं नव्हतं. घरी जाताना माझ्या ध्यानात आलं, की बंडालाही मी कधी विचारलं नव्हतं. बैठकीत तो समोर मांडी घालून बसला होता. मी त्याच्याकडे बघून बोललो, पण त्याला विचारलं काहीच नाही.

सकाळी मी त्याच्या घरी गेलो. फायनल दुपारी चारला होती. बंडा अंगणात म्हशीची धार काढत होता. केस पांढरे, पाठ तशीच रुंद. त्याने मान वर केली नाही.

“तिथंच थांब. परकं माणूस दिसलं की ही बिचकते.”

मी थांबलो. बादलीत धार पडत होती.

“पोरगी म्हणाली होती, तू येशील म्हणून,” तो म्हणाला. “मी म्हटलं, न्हाई यायचा.”

“बंडा, मला एक विचारायचं हाय.”

“विचार.”

“फायनलच्या आदल्या दिवशी तू विहीर तालमीत कशाला गेला होतास?”

त्याचे हात थांबले. म्हशीने मान फिरवली. त्याने तिला थोपटलं आणि पुन्हा धार सुरू केली.

“आता विचारालायस?”

“आता विचारतोय.”

“तुझा गुडघा सुजला होता. आठवतंय? पट्टी बांधून खेळणार होतास, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून मला शपथ घातली होतीस. पण विहीरवाल्यांना कळलं होतं. भैरू त्यांचा बॅक, सगळीकडं सांगत सुटला होता, पहिल्या दहा मिनटांत सर्जाचा गुडघा खोलतो. मी गेलो त्यांच्या रंगा वस्तादाकडं. पाय धरले. म्हटलं, काय खेळायचं ते खेळा, पोराला लंगडा करू नका, त्याचं लगीन ठरलंय. वस्तादानं भैरूला माझ्यासमोर बोलावून शब्द घेतला. आणि माझ्याकडनं पण घेतला, की हे बाहेर बोलायचं न्हाई. वस्ताद वैऱ्याचं ऐकतो असं झालं असतं तर त्याची तालीम फुटली असती.”

त्या फायनलमध्ये माझ्या गुडघ्याला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. आणि बैठकीत मी तेच पुरावा म्हणून मांडलं होतं. विहीरवाले एवढे सभ्य कधीपासून झाले, असं मी विचारलं होतं. मॅच आधीच त्यांच्या खिशात होती म्हणून त्यांना आडदांडपणा करायची गरज पडली नाही, असं म्हणालो होतो. सगळ्यांना ते पटलं होतं.

“मग चेंडू?” मी विचारलं. एवढं ऐकूनही विचारलं.

“सुटला. चेंडू सुटतो की रे.”

“बैठकीत का न्हाई बोललास?”

“तू विचारशील म्हणून वाट बघत बसलो होतो. तू उठलास आणि न विचारताच सांगून मोकळा झालास.”

त्याने बादली उचलून बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. मी म्हणालो, “चुकलं माझं. आज चल. पोरीची फायनल हाय. मी तिथं माइकवरनं सांगतो सगळ्यांना.”

“किती माणूस असतंय तिथं?”

“दोनशे. आज अडीचशे असेल.”

“त्यात फुटबॉलचं किती?”

मी बादलीकडे बघितलं.

“माझं नाव पंचवीस हजारांत गेलं, सर्जा. तू ते पै-पाहुण्यांत परत द्यायला आलायस. सांगायचं तर फुटबॉलच्या फायनलला सांग. ज्यांनी ओरडून विचारलं, त्यांनी ऐकू दे. त्या दिवशी मी आत येतो. तोवर पोरीच्या मॅचलासुद्धा न्हाई.”

“सांगतो,” मी म्हणालो. “तीन आठवड्यांनी फायनल हाय. मध्यंतराला माइक माझ्याच हातात असतो. शब्द देतो.”

“बघू,” तो म्हणाला.

दुपारी फायनल झाली. सुमित्रा वृषालीच्या बुटात खेळली. तिने दोन ट्राय केले, दुसरा तर वृषालीच्या हातातून निसटून. आपण बारा-दहाने हरलो. शिट्टी वाजल्यावर आपल्या पोरींनी दोन ओळी केल्या आणि ओडिशाच्या पोरी त्यांच्यामधून गेल्या, आपल्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. वृषाली रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. माझ्या मागच्या पायरीवर आमच्याच पेठेतले चार जण बसले होते. त्यांतला एक म्हणाला, “ते बूट बघ की, चौगल्याच्या पोरीचेच हाईत. बापाचीच लेक.”

मला सगळं ठाऊक होतं. मी मान वळवायला हवी होती. समोर बक्षिसांचं टेबल लावायचं होतं, मी ते लावायला उठलो.

नंतर ती माझ्याकडे आली. “अप्पा न्हाई आले.”

“फुटबॉलच्या फायनलला येणार हाईत. मी शब्द दिलाय.”

“नक्की ना, काका?”

“नक्की.”

रग्बीवाल्यांनी स्वतः आपले खांब काढले, खड्डे भरले, वर हिरवळीचे तुकडे लावून पाणीसुद्धा मारलं. मी चारही खड्डे पायाने दाबून बघितले. पक्के होते.

तीन आठवड्यांनी आमची फायनल. पायऱ्या, भिंती, पलीकडच्या गच्च्या, सगळीकडे माणसं. मध्यंतराची शिट्टी झाली आणि माइक माझ्या हातात आला. काय बोलायचं ते मी आठ दिवस पाठ केलं होतं. पहिलं वाक्य होतं, सतरा वर्षांपूर्वी याच मैदानावर माझ्या हातून एक अन्याय झाला. मी तोंड उघडलं आणि डोक्यात आलं, आणि बंडा खोटं बोलत असेल तर?

रंगा वस्ताद जाऊन दहा वर्षं झाली होती. गोष्ट रचायला माणसाला सतरा वर्षं पुरेशी आहेत. पोरीने आधी येऊन विचारणं, मग बंडाने मलाच अट घालणं, सगळं कसं बेतल्यासारखं जुळत होतं. पंचवीस हजार माणसांसमोर मी स्वतःला खोटा ठरवायचं, आणि उद्या दुसरंच काही निघालं तर? मी पाहुण्यांची नावं वाचली. मग बदली खेळाडूंचे नंबर वाचले. मग दुसरा डाव सुरू झाला.

फाटकावरच्या माणसाने मला नंतर सांगितलं. बंडा आणि वृषाली बाहेर, समोरच्या चहाच्या गाड्यापाशी उभे होते. बंडाने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. आत चला म्हटलं तर म्हणाला, थांब, आधी ऐकू दे. कर्णा तिथवर स्वच्छ ऐकू येत होता. दुसरा डाव सुरू झाला तसा त्याने चहाचा कप गाड्यावर ठेवला आणि दोघे निघून गेले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. वृषाली बाहेर कुठेतरी मुलींना रग्बी शिकवते. बंडाच्या दारावरून जायचं मी टाळतो. आता माझं मन मला खातं, हेही सांगून टाकतो, कारण दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही राहिलेलं नाही.

वस्ताद गेला, पण भैरू आहे. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुधाच्या कट्ट्यावर तो रोज सकाळी ताज्या धारेच्या दुधाचा ग्लास घेऊन बसलेला असतो, आणि मीही असतो. आम्ही हंगामाबद्दल बोलतो, पोरांच्या खेळाबद्दल बोलतो. रंगा वस्तादाने तुझ्याकडून कधी शब्द घेतला होता का, एवढंच विचारायचं आहे. एका वाक्यात सगळं कळेल. बारा वर्षांत मी त्याला ते विचारलेलं नाही.